श्वास मोजणारं कापड: मोजमाप कुणाच्या हाती?



 विज्ञान शहरातल्या सभागृहात अडकून पडू नये, ते गावच्या पारापर्यंत यावं, हा या व्याख्यानमालेमागचा विचार आहे. म्हणूनच आजचा विषय निवडताना मी एकच कसोटी लावली. जगातल्या प्रयोगशाळांमध्ये घडणारी अशी कोणती गोष्ट आहे, जिचा संबंध थेट इथल्या, सिरसाळा पंचक्रोशीतल्या माणसाच्या पाठीशी, गुडघ्याशी आणि छातीच्या भात्याशी आहे?

ती गोष्ट म्हणजे कापडात विणलेले सेन्सर. अंगावर घालायचा बनियन किंवा छातीभोवती बांधायचा पट्टाच शरीराची हालचाल आणि श्वास टिपतो, अशी ही विद्या आहे. ती कशी चालते, तिच्यात काय उणं आहे आणि ती आपल्या कामाची कशी करून घ्यायची, हे आज मांडणार आहे. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. हे कापड किती बारीक मोजतं, यावर त्याची किंमत ठरू नये. ते ऊस तोडणाऱ्या बाईच्या अंगावर, घामात आणि धुळीत टिकतं का आणि त्यातून निघालेला आकडा आधी तिच्या हाती पडतो का, यावर ती ठरावी.

मोजायचा राहून गेलेला श्वास

दवाखान्यात गेलं की ताप मोजतात, नाडी बघतात, रक्तदाब घेतात. श्वास मात्र बहुतेक वेळा अंदाजाने लिहिला जातो. निरोगी मोठा माणूस शांत बसला असताना मिनिटाला साधारण 12 ते 20 वेळा श्वास घेतो. मिनिटाला 15 धरले, तर दिवसाला 21,600 श्वास होतात. त्यातले मोजले किती जातात? अगदी आजारपणातसुद्धा, फार तर एखाद-दोन मिनिटांचे.

खरं म्हणजे शरीर बिघडायला लागलं की श्वासाची गती फार लवकर बदलते. लहान मुलांच्या न्यूमोनियात तर तोच मुख्य पुरावा असतो. जागतिक आरोग्य संघटनेने त्यासाठी सोप्या मर्यादा ठरवून दिल्या आहेत. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे मिनिटाला 60 किंवा जास्त श्वास, दोन महिने ते एक वर्षापर्यंत 50 किंवा जास्त आणि एक ते पाच वर्षांपर्यंत 40 किंवा जास्त, म्हणजे श्वास जलद आहे, उपचार हवा. ‘पोट उडतंय, धाप लागलीय’ असं आपल्याकडची आई सांगते, तेव्हा तिने ही खूण डोळ्यांनी ओळखलेली असते. फक्त तिच्याजवळ आकडा नसतो.

हा आकडा गावातल्या बाईच्या हाती देण्याचं मोठं काम महाराष्ट्रातच झालं. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी 1986 मध्ये गडचिरोलीत ‘सर्च’ या संस्थेचं काम सुरू केलं. तिथे मुलं न्यूमोनियाने दगावत होती आणि डॉक्टर कोसो दूर होते. गावातल्या सुईणी अनुभवी, पण अनेकींना लिहिता-वाचता येत नव्हतं आणि पन्नास-साठपर्यंत मोजणं अवघड जायचं. मग त्यांच्यासाठी श्वासमापक तयार झाला. एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि सोबत ओवलेले मणी, एवढंच साधन. दहा श्वास मोजले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत बाळाच्या वयाप्रमाणे ठरलेला मणी सरकला, तर श्वास धोक्याच्या हद्दीत गेला असं समजायचं.

गडचिरोलीतल्या गावपातळीवरच्या या उपचारांचा अभ्यास 1990 मध्ये ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. तिथल्या कार्यकर्त्यांनी उपचार केलेल्या न्यूमोनियाच्या मुलांमध्ये मृत्यूचं प्रमाण 0.8 टक्के होतं, तर तुलनेसाठी निवडलेल्या भागात ते 13.5 टक्के होतं. यामागे औषध होतं, प्रशिक्षण होतं, घरोघर जाणं होतं. पण औषध कुणाला द्यायचं, हे ठरत होतं श्वास मोजूनच. मोजणारी बाई गावातली होती आणि मोजल्यावर काय करायचं हेही तिला ठाऊक होतं. या दोन गोष्टी ध्यानात ठेवा, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे.

कोविडच्या काळात, सप्टेंबर 2020 मध्ये, ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत आशाताई आणि त्यांचे सहकारी घरोघर गेले. ताप मोजला, ऑक्सिमीटर बोटाला लावला. फुप्फुसाच्या आजाराची साथ असूनही श्वास मोजणारं सोपं साधन मात्र त्यांच्या पिशवीत नव्हतं. ही उणीव कापडी सेन्सर भरून काढू शकतात.

छाती आणि पोट

श्वास घेताना छाती फुगते, हे सगळ्यांना माहीत आहे. पण छातीइतकंच काम पोटही करतं. फुप्फुसांखालचा श्वासपटल नावाचा स्नायू खाली सरकतो, पोट पुढे येतं आणि हवा आत जाते. 1967 मध्ये कोनो आणि मीड या संशोधकांनी दाखवून दिलं, की छातीचा पिंजरा आणि पोट या दोन्हींची हालचाल वेगवेगळी मोजून तिची बेरीज केली, तर किती हवा आत गेली याचा बराच चांगला अंदाज येतो. झोपेतल्या श्वासाची तपासणी करताना रुग्णाला दोन पट्टे बांधतात, एक छातीला आणि एक पोटाला. त्यामागे हेच तत्त्व आहे.

दोन पट्ट्यांचा आणखी एक फायदा आहे. निरोगी माणसाची छाती आणि पोट एकाच वेळी फुगतात. घशाशी वाट बंद झाली किंवा श्वासाचे स्नायू दमले, की दोघांची लय मोडते. एक आत जातं तेव्हा दुसरं बाहेर येतं. नुसती मिनिटाची मोजणी हे सांगत नाही, दोन पट्टे सांगतात. शांत श्वासात छातीचा घेर अगदी थोडाच बदलतो. तेवढा बदल टिपायचा आणि तोही माणूस चालत, वाकत, बोलत असताना, हे या कापडापुढचं काम आहे.

बनियनच्या टाक्यातली वीज

आता कापडाकडे येऊ. सदऱ्याचं कापड आणि बनियनचं कापड यांत मूलभूत फरक आहे. सदऱ्यात ताणा आणि बाणा हे सरळ धागे एकमेकांना काटकोनात छेदतात, म्हणून ते फारसं ताणलं जात नाही. बनियन होजिअरीचा असतो. त्यात एकच धागा टाक्यात टाका अडकवत जातो. ओढलं की टाके सरळ होतात, सोडलं की पुन्हा गोल होतात. श्वास आणि सांध्यांची हालचाल टिपायला हेच कापड लागतं, कारण गुडघा वाकवला की त्यावरची त्वचा 30 टक्क्यांहूनही जास्त ताणली जाते.

या टाक्यांमध्ये काही ओळी वीजवाहक धाग्याच्या विणायच्या. नायलॉनच्या धाग्यावर चांदीचा अतिशय पातळ मुलामा दिला, की तो वीज वाहतो आणि तरीही शिवता येईल इतका मऊ राहतो. सोबत स्पँडेक्सचा लवचिक धागा घालतात, म्हणजे कापड मूळ मापावर परत येतं. आता त्या पट्टीतून अगदी किंचित वीज सोडायची. पट्टी ताणली की टाके एकमेकांना जिथे टेकतात तिथला दाब बदलतो, टेकण्याच्या जागा कमी-जास्त होतात आणि विजेला होणारा विरोध बदलतो. हा बदल एक छोटी चिप सेकंदाला अनेकदा मोजते. श्वास घेतला की आलेख वर, सोडला की खाली. अशी लाट कागदावर उमटत जाते आणि तिची शिखरं मोजली की श्वास मोजले गेले.

धातूची तार ताणली की तिचा विद्युतरोध बदलतो, हे विल्यम थॉमसन यांनी 1856 मध्येच नोंदवलं होतं. पुढे ते लॉर्ड केल्विन म्हणून ओळखले गेले. त्यावर आधारलेली, चिकटवता येणारी ताणमापक पट्टी 1938 मध्ये अमेरिकेत तयार झाली आणि पूल, विमानं, यंत्रं यांच्यावरचा ताण तिच्या साहाय्याने मोजला गेला. पण धातूची पट्टी थोडी जास्त ताणली तरी तुटते, म्हणून माणसाच्या गुडघ्यावर तिचा उपयोग नव्हता. ती अडचण कापडाने सोडवली. याशिवाय दोन वाहक थरांमध्ये लवचिक थर ठेवून त्यांच्यातली विद्युतधारिता मोजणारे सेन्सर आहेत. दाबल्यावर स्वतःच वीज निर्माण करणाऱ्या पीव्हीडीएफ या प्लास्टिकचे सेन्सरही आहेत. त्या प्लास्टिकचा हा गुण जपानमध्ये कावाई यांनी 1969 मध्ये दाखवला.

मराठवाड्यातल्या माणसाला धातू आणि धाग्याचा हा संसार नवा वाटायचं कारण नाही. पैठणीची जर म्हणजे दुसरं काय? धाग्याभोवती धातूची बारीक पट्टी गुंडाळलेली असते. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेतल्या संशोधकांनी कापडावर विद्युतमंडलं भरतकामाने उतरवण्याचे सुरुवातीचे प्रयोग केले. त्यांत त्यांनी भारतात पिढ्यान्‌पिढ्या विणलं जाणारं, धातूची पट्टी गुंडाळलेल्या धाग्याचं रेशमी ऑर्गंझा कापड वापरलं. त्यांचा लेख 2000 साली प्रसिद्ध झाला. आपल्या विणकराने शोभेसाठी केलेली रचना त्यांना विजेची वाट म्हणून उपयोगी पडली.

त्याआधी 1996 च्या सुमारास अमेरिकेतल्या जॉर्जिया टेक या संस्थेत सुंदरेसन जयरामन या मद्रास विद्यापीठात शिकलेल्या वस्त्र-अभियंत्याने सैनिकांसाठी सेन्सर विणलेला शर्ट तयार केला. जखमी सैनिकाला गोळी कुठे लागली आणि त्याची नाडी-श्वास कसे आहेत, हे दूरच्या डॉक्टरला कळावं, हा त्यामागचा हेतू. पुढे कॅनडातल्या एका कंपनीचा असाच सदरा अवकाश स्थानकात पोचला आणि 2019 मध्ये अंतराळवीर डेव्हिड सेंट-जाक यांनी तो घातला.

सैनिक झाला, अंतराळवीर झाला, मोठ्या स्पर्धांतला खेळाडूही झाला. कष्टकऱ्याचं काय?

उसाच्या फडातलं शरीर

आपल्या बीड जिल्ह्याने देशाला अविनाश साबळे दिला. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा हा मुलगा. तीन हजार मीटर स्टीपलचेस म्हणजे 28 अडथळे आणि पाण्यावरच्या 7 उड्या. 2022 मध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्याने 8 मिनिटं 11.20 सेकंदांत रौप्यपदक मिळवलं आणि 2023 मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण. अशा धावपटूच्या शरीराची एकेक हालचाल आणि एकेक श्वास अभ्यासायला जगभर प्रयोगशाळा तयार असतात आणि ते योग्यच आहे. पण त्याच जिल्ह्यातून दर वर्षी दसरा-दिवाळीनंतर लाखो माणसं ऊसतोडीला बाहेर पडतात. त्यांचं शरीर काय सोसतं, याची मोजणी कुणी केली?

ते काम जवळून बघा. उसात साखर बुडख्याकडे जास्त, म्हणून तोड जमिनीलगत हवी. म्हणजे प्रत्येक घावाला कंबरेतून पूर्ण वाकायचं. डाव्या हाताने ऊस धरायचा, उजव्या हाताने कोयता मारायचा, वाढं छाटायचं, पाचट काढायचं. मग मोळी बांधायची. तीस-चाळीस किलोंची मोळी डोक्यावर घेऊन ट्रकला लावलेल्या अरुंद फळीवरून वर चढायचं. वजन डोक्यावर, तोल पायांत आणि भार मानेच्या मणक्यांवर. हे पहाटेपासून चालतं आणि गाडी रात्री आली तर रात्रीही. बाई गरोदर असो वा पाळीत, फडात सूट नाही. एक दिवस पडला तर खाडा धरला जातो, पैसे कापले जातात.

2019 मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीपुढे बीड जिल्ह्याचं भीषण वास्तव आलं. ऊसतोड करणाऱ्या 82,309 महिलांच्या पाहणीत 13,861 जणींची गर्भाशयं काढलेली आढळली. कापडी पट्ट्याने या शस्त्रक्रिया थांबल्या असत्या, असं मी म्हणणार नाही. त्यामागे दारिद्र्य आहे, खाड्याची भीती आहे, फडावर पाणी आणि आडोसा नसणं आहे, नफ्यासाठी केलेली घाई आहे. पण एवढं नक्की म्हणेन, की या बायांनी वर्षानुवर्षं सांगितलेलं कंबरेचं आणि पोटाचं दुखणं ‘कष्टाच्या बाईला होतंच’ म्हणून झटकलं गेलं. पाठीवर लावलेली सेन्सरची पट्टी सांगू शकते, की दिवसात किती वेळा कंबर वाकली, किती अंशांतून वाकली आणि किती वेळ वाकलेलीच राहिली. तक्रारीला आकड्याची जोड मिळाली, की कारखान्याला, ऊसतोड कामगारांच्या महामंडळाला, सरकारला ती नाकारणं अवघड जातं. फळी कशी असावी, मोळी किती किलोंची असावी, विश्रांती केव्हा द्यावी, हे नियम मग अंदाजावर नाही, मोजमापावर ठरतील.

वीटभट्टीवरही हेच आहे. सिरसाळ्याच्या परिसरातल्या भट्ट्यांवर माणूस उकिडवा बसून विटा थापतो, डोक्यावरून वाहतो, धुरात आणि राखेच्या धुळीत दिवस काढतो. धुळीचा असाच त्रास कापसाच्या कामातही आहे; कापूस पिंजणाऱ्या-कातणाऱ्या कामगारांना बिसिनोसिस हा छातीचा आजार होतो. सुट्टीनंतर कामावर परतल्या दिवशीच छाती आवळून येते, ही त्याची ओळखीची खूण. असा माणूस तालुक्याच्या दवाखान्यात पोचतो, तेव्हा बहुधा रजेचा दिवस असतो आणि छाती बरी वाटत असते. कामाच्या जागी, कामाच्या वेळी श्वासाची नोंद झाली, तर आजार तिथेच पकडता येईल.

उणिवा

आता अडचणी, त्याही स्पष्ट सांगितल्या पाहिजेत. पहिली अडचण घामाची. घामात मीठ असतं, खारट पाणी वीज वाहतं आणि सेन्सरचा आकडा बिघडतो. दुसरी धुण्याची. चांदीचा मुलामा साबण आणि घासण्याने झिजतो. आपल्याकडे कपडे दगडावर आपटून धुतले जातात, ही चाचणी कुणी घेतलेली असते का? तिसरी अडचण म्हणजे कापड ताणताना आणि सैल होताना एकाच मापाला वेगवेगळा आकडा दाखवतं आणि काही दिवसांत हळूहळू ढिलं पडतं. चौथी अडचण हालचालीची. वाकलं तरी पट्टी ताणली जाते, खोकलं तरी ताणली जाते. त्यातून श्वास वेगळा काढायला गणित लागतं आणि ते गणित ज्यांच्या अंगावर शिकवलं, त्यांच्यापुरतंच नीट चालतं.

याचा धडा जगाला 2020 मध्ये मिळाला. बोटाच्या ऑक्सिमीटरबद्दल अमेरिकेत झालेल्या अभ्यासात दिसलं, की रक्तातला ऑक्सिजन धोकादायक कमी झालेला असूनही यंत्राने तो ठीक दाखवला, असं कृष्णवर्णीय रुग्णांच्या बाबतीत गोऱ्यांच्या जवळजवळ तिप्पट वेळा घडलं. यंत्र खोटं बोलत नव्हतं. ते ज्या कातडीवर जुळवलं होतं, ती कातडी वेगळी होती. म्हणून श्वासाच्या कापडाची परीक्षा वातानुकूलित खोलीतल्या विद्यार्थ्यावर संपता कामा नये. ती मे महिन्यातल्या परळीच्या उन्हात, लुगड्यावरून, नऊवारीवरून, कष्टाने वाळलेल्या अंगावर झाली पाहिजे.

आकडा कुणाचा?

शेवटचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. जो पट्टा डॉक्टरला सांगतो की ही बाई थकली आहे, तोच पट्टा तोडणीची टोळी चालवणाऱ्या मुकादमाला सांगू शकतो की ही बाई दहा मिनिटं थांबली. त्याच आकड्याने उपचारही होऊ शकतो आणि खाडाही धरला जाऊ शकतो. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट 2017 मध्ये पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्वाळा दिला. 2023 मध्ये संसदेने व्यक्तिगत डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला. पण उचल, म्हणजे आगाऊ मजुरी, घेतलेल्या ऊसतोड जोडप्यापुढे संमतीचा कागद ठेवला, तर ती संमती किती खरी असणार? म्हणून माझी मागणी अशी आहे, की कष्टकऱ्याच्या अंगावरचं मोजमाप मालकाच्या, मुकादमाच्या किंवा विमा कंपनीच्या हाती जाता कामा नये. ते आधी त्या माणसाला, त्याला समजेल अशा भाषेत मिळावं. नंतर त्याच्या मर्जीने आशाताईला आणि डॉक्टरला. गडचिरोलीच्या मण्यांचा धडा हाच आहे. मोजणारी बाई त्याच गावची होती आणि मोजणीचा उपयोग त्याच गावच्या बाळासाठी झाला.

यासाठी जे लागतं ते महाराष्ट्रात आहे. माटुंग्याला 1924 पासून कापूस तंत्रज्ञानाची केंद्रीय संस्था आहे. मुंबईत व्हीजेटीआय आणि इचलकरंजीत डीकेटीई या संस्थांत वस्त्र-अभियांत्रिकी शिकवली जाते. 2020 मध्ये केंद्राने तांत्रिक वस्त्रांसाठी 1,480 कोटी रुपयांचं राष्ट्रीय अभियान मंजूर केलं. परभणीला कृषी विद्यापीठ आहे. आपल्या शेजारी अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नावाचं ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आहे. ग्रामीण रुग्णांसाठीच ते उभं राहिलं. कापूस, कापड, औषध आणि कष्टकरी हे चारही घटक एका दिवसाच्या प्रवासात एकमेकांना भेटू शकतात. मुंबई-इचलकरंजीच्या विद्यार्थ्यांनी पट्टा विणावा, अंबाजोगाईच्या डॉक्टरांनी त्याचा आकडा तपासावा आणि ऊसतोड बायांच्या संघटनेने तो कुणाला दाखवायचा हे ठरवावं. या तिघांत तिसऱ्याला शेवटी बोलावलं, तर प्रकल्प फसेल. पहिल्या बैठकीला बोलावलं, तर टिकेल.

इथे बसलेल्या मुलामुलींना एवढंच सांगतो. हे काम साध्या साधनांनी सुरू करता येतं. वाहक धागा बाजारात मिळतो, छोटा मायक्रोकंट्रोलर काही शे रुपयांत मिळतो आणि जुना बनियन घरात असतोच. पण त्याहीआधी घड्याळ लावून आपल्या आजोबांचा, आईचा, धाकट्या भावंडाचा श्वास पूर्ण एक मिनिट मोजायला शिका. कुठला आकडा धोक्याचा आहे हे पाठ करा आणि तसा दिसला तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. यंत्र उद्या येईल. मोजण्याची आणि मोजल्यावर कृती करण्याची सवय मात्र आजपासून लावून घेता येते. ती असेल, तरच उद्याचं कापड सिरसाळ्याच्या उपयोगाला येईल.